उजव्या कढईचं तेल

भजं शाकाहारी असतं का, हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या माणसांनी विचारला, तितक्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. मिरजगावच्या स्टँडसमोर, नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला मी पस्तीस वर्षं भजी तळली. एसटी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे, मी कागदाचा पुडा हातात ठेवायचे आणि पुडा घेताघेता आतून आवाज यायचा, "मावशी, चालंल ना आमाला?" सुरुवातीला मी अवघी चोवीस वर्षांची होते. नातवंडं झालेल्या बायाही मावशी म्हणायच्या, त्याचा मला भारी राग यायचा. पण गाडी सुटायच्या घाईत नातं दुरुस्त करत बसायला वेळ कुठला?

या धंद्यातलं नसलेल्या माणसाला वाटतं, बेसन, बटाटा, मिरची, ओवा, मीठ, यात खाऊ नये असं काय असणार? बरोबर आहे. भज्यात काही नसतं. जे काही असतं ते तेलात असतं. तळणीचं तेल एका दिवसात संपत नाही. संध्याकाळी ते निवू द्यायचं, गाळ खाली बसला की फडक्यातून गाळून डब्यात भरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ताजं तेल घालून पुन्हा कढई चढवायची. म्हणजे आजच्या भज्यात कालच्या तेलाचा वाटा असतोच. काल त्यात काय तळलं होतं ते फक्त तळणाऱ्यालाच माहीत. गिऱ्हाईक बिचारं भजं उलटसुलट करून बघतं, वास घेतं, मोडून बघतं. त्यात त्याला काही दिसत नाही.

माझ्याकडे दोन कढया होत्या. उजवीत बटाट्याची, मिरचीची, कांद्याची भजी आणि डावीत अंडाभजी. अंडाभजी मी हौसेनं ठेवली नव्हती. ट्रकवाले ड्रायव्हर त्यासाठीच थांबत. त्यांनी बोंबीलही मागून पाहिले, पण बोंबलाचा वास स्टँडच्या पार पलीकडे जातो, म्हणून मी नाही म्हटलं. अंड्याचं बरं असतं, ते गुपचूप राहतं. दोन कढयांचे झारे वेगळे, गाळायची फडकी वेगळी, डबे वेगळे. डावीच्या डब्याच्या कडीला मी लाल चिंधी बांधली होती. एकादशीला साबुदाण्याचे वडे करायचे तर उजवीचं तेलही चालायचं नाही, कारण त्यात बेसन तळलेलं. त्या दिवशी तिसरं, कोरं तेल. सोवळ्यातल्या स्वयंपाकिणीनं काय पाळावं इतकं मी उघड्या रस्त्यावर धुरळ्यात पाळत होते, आणि त्याचा मला गर्व होता. तो पुढे उतरला, ते सांगायलाच बसले आहे.

त्याआधी गिऱ्हाइकांचे दोन नमुने सांगते. एक मोठे साहेब जीपनं यायचे, कोणत्या खात्याचे ते सांगत नाही. ते अंडाभजी घ्यायचे, पण वरून बटाट्याची चार भजी पसरून द्यायला लावायचे. म्हणायचे, "घरी सगळी कडक मंडळी आहेत." एकदा मी घाईत वरची भजी घालायला विसरले, तर साहेब जीपमधून उतरून परत आले. घाम फुटलेला. नोकरी जायच्या वेळीही माणूस इतका घाबरत नसेल.

दुसरे एक गुरुजी होते. बौद्ध समाजातले, जवळच्या गावच्या शाळेत नव्यानं आलेले. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी काही न विचारता डाव्या कढईत झारा घातला आणि अंडाभजीचा पुडा बांधून हातात दिला. त्यांनी पुडा उघडला, पुन्हा नीट बांधला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "ताई, मी शाकाहारी आहे. सहा वर्षं झाली." आवाज चढवला नाही. बाकी सगळ्यांना मी "कुठली देऊ?" असं विचारत होते आणि त्यांनाच तेवढं विचारलं नव्हतं. का नव्हतं, ते त्यांनाही कळलं आणि मलाही. पुढे ते नेहमी यायचे, आणि मी नेहमी आधी विचारायचे.

आता तात्यांबद्दल.

तात्या मिरजगावपासून दोन कोसांवरच्या वस्तीवर राहायचे. साठीचे असतील. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पटका, बोलणं थोडं. तरुणपणी माळ घातली तेव्हापासून मांस, मच्छी, अंडं यांना शिवलेले नव्हते. बाहेरचं काही खायचेच नाहीत. माझा गाडा सुरू झाल्यावर एका बाजारच्या दिवशी येऊन उभे राहिले. भजी मागितली नाहीत. आधी उजवी कढई बघितली, मग डावी, मग वाकून फळीखालचे डबे बघितले.

"ही चिंधी कशापायी?"

"अंड्याच्या तेलाची खूण हाय, तात्या."

"आन् झारा चुकून हिकडचा तिकडं गेला तर?"

"न्हाई जात. हा लांब दांड्याचा, त्यो आखूड."

"फडकी दाव."

मी फडकी दाखवली. मनात म्हटलं, म्हातारा आता माझी जन्मपत्रिकाही मागणार. फडकी हातात घेऊन त्यांनी हुंगली, परत दिली आणि म्हणाले, "दे पुडा. मिरचीची आन् बटाट्याची."

त्या दिवसापासून दर बाजारला त्यांचा पुडा ठरलेला. तिथं ते खायचे नाहीत. पटक्याच्या पदरात बांधून घरी न्यायचे आणि सुनेबरोबर वाटून खायचे. तात्या घेतात म्हटल्यावर गावातले सगळे माळकरी घ्यायला लागले, पेठेतली मारवाडी मंडळी घ्यायला लागली. कुणी शंका काढली तर दुसरा म्हणायचा, "तात्या खातात की." पाटी लावायची मला गरजच पडली नाही. आमचे मालक तेव्हा विहिरीच्या कामावर पाय मोडून घरी पडले होते आणि दोन मुली लहान होत्या. घर चालत होतं ते माझ्या गाड्यावर, आणि गाडा चालत होता तात्यांच्या शब्दावर. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या कर्जतच्या बाजूला पाऊस तसाही पाहुण्यासारखा येतो, त्या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. सीना कोरडी पडली. बागायतदारापासून भूमिहीनापर्यंत सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. तात्यांची जमीन नुसती ढेकळं झाली होती. म्हातारपणामुळे त्यांना खडीवर घेतलं नाही, मजुरांना पाणी पाजायचं काम दिलं. दुपारी तिथं खायला सुकडी मिळायची. तरी बाजारच्या दिवशी माझ्याकडचा पुडा त्यांनी सोडला नाही. लोक कामावरून परतताना एक पुडा घेत आणि चौघांत खात. तेल मिळायची मारामार. भुईमूग कुणाच्या रानात उगवलाच नव्हता. तेलाचा थेंब सांडला तर मी बोटानं निपटून घ्यायचे.

आणि पाणी टँकरनं यायचं. कधी यायचं त्याला नेम नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला की हाताला लागेल ते भांडं घेऊन अख्खं गाव पळायचं. मागे राहिलं त्याच्या वाट्याला चिखल.

त्या बाजारच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली होती, बेसन भिजवलं होतं, आणि भोंगा वाजला. माझी घागर घरी होती. गाड्याखाली तेलाचे तीन डबे होते. एकात ताजं तेल, एकात उजवीचं गाळलेलं, एकात डावीचं. उजवीचं गाळलेलं तेल ताज्यावर ओतायचं तर रोजचंच होतं. ते आत्ताच ओतलं की एक डबा पाण्याला मोकळा होईल, असा मी विचार केला. डबा ओढला, ताज्यावर उपडा केला, पदरानं आतून पुसला आणि पळत सुटले. डबाभर पाणी मिळालं. त्या काळात डबाभर पाणी म्हणजे काय आनंद असतो, तो आज नळ सोडून दात घासणाऱ्यांना मी कसा सांगू?

बाजार भरला. उजव्या कढईतून एकामागून एक घाणे काढले. सोलापूरची गाडी गेली, नगरची गेली, दोन्ही गाड्यांना पुडे दिले. तात्या आले, त्यांचा पुडा बांधला, ते पदरात बांधून गेले. दुपार कलल्यावर हात धुवायला मी पाण्याच्या डब्यात तांब्या बुडवला, आणि तांब्या कडीला अडकला. कडीला लाल चिंधी होती.

कुणीतरी "वहिनी, भजी करपली" म्हणून ओरडलं तेव्हा भानावर आले. उजवी कढई उतरवली आणि तेल संपलं म्हणून सांगितलं. खोटंच सांगितलं, तेल संपलं नव्हतं. एसटीतली माणसं एसटीबरोबर गेली होती. त्यांच्यात कोण माळकरी, कोण जैन, कोण नुसताच उपाशी, मला काय माहीत? त्यांना शोधणार तरी कुठं? तात्यांचं तसं नव्हतं. ते कुठं असतात ते मला माहीत होतं.

मालकांना सांगितलं. ते खाटेवरून म्हणाले, "गप ऱ्हा. तेलाला काय नाव असतं व्हय? त्यांना कळलं का? न्हाई ना? मग झालं." त्यांचंही खरं होतं. न कळलेल्याचं पाप नसतं असं आमच्यात म्हणतात. पण ज्यानं फडकी हुंगून विश्वास टाकला, त्याच्यासमोर पुढच्या बाजारी मी कुठलं तोंड घेऊन उभी राहणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुष्काळी कामावर गेले. तात्या चिंचेखाली माठाजवळ बसले होते. बायांना ओगराळ्यानं पाणी देत होते. गर्दी सरेपर्यंत मी थांबले आणि मग सगळं सांगितलं. टँकर, डबा, चिंधी. सांगताना रडूच कोसळलं.

तात्यांनी ओगराळं माठावर ठेवलं. मग विचारलं, "मुद्दाम केलं का?"

"न्हाई हो तात्या. पोरींची शपथ."

"शपथ कशाला घेती? मुद्दाम केलं असतं तर सांगायला आली असती व्हय?"

त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले. माळ जुनी होती, पटक्यात अडकली. ती हळूच सोडवून त्यांनी डोळ्यांना लावली आणि बंडीच्या खिशात ठेवली. गळ्यावर जिथं माळ असायची तिथं कातडी गोरी होती. ते बघवेना म्हणून मी खाली बघितलं.

"तात्या, तेलच हुतं वो. अंडं न्हवतं."

"तेल असू दे न्हाई तर रस्सा असू दे. मोडलं ते मोडलं. आता माळ देनारे म्हाराज आले की त्यांच्या हातनं पुना घालीन. त्यो माझा अन् इट्टलाचा येव्हार हाय. तू एक कर. ह्ये कुनाला बोलू नको."

"मग लोकं तुमालाच इचारतील, माळ का उतरवली म्हनून."

"इचारू दे. तुझा नवरा खाटंवर हाय. गावाला कळलं तर तुझ्याकडं चिटपाखरू यायचं न्हाई. ह्या सालात चूल इझली तर पुना पेटंल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. पाया पडले आणि परत येऊन गाडा लावला.

पुढच्या बाजारला तात्या नेहमीसारखे आले. गळा मोकळा. स्टँडवर बसलेल्या चारचौघांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यातला एक मस्करीखोर होता, त्यानं विचारलं, "तात्या, माळ कुटं गेली?"

माझ्या हातातला झारा थांबला. तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उतरवली. अंडं खाल्लं."

"आं? तुमी?"

"व्हय. दुष्काळ हाय. जीभ चळली."

हशा पिकला. मस्करीखोर म्हणाला, "मग वहिनी, आता डावीकडची द्या की तात्यांला!"

"उजवीकडचीच दे पोरी," तात्या म्हणाले, "सवय मोडत न्हाई."

मी पुडा बांधला. दोरा तीनदा सुटला. मला तेव्हा कळलं की ते भज्यांसाठी आलेच नव्हते. आपण माळ उतरवली आणि त्याच आठवड्यात या बाईकडचा पुडा बंद केला, तर लोक दोनात दोन मिळवतील, म्हणून ते आले होते. नंतरही दर बाजारला यायचे. माझ्या धंद्याला केसाइतका धक्का लागला नाही. उलट त्या वर्षी मी गाड्यावर पत्रा घातला.

गावात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस कुणीतरी माळकरी ती गळ्यात घेऊन उभा असतो. पहाटेचा पहारा कित्येक वर्षं तात्यांचा होता. त्या साली तो दुसऱ्याला दिला. मी काकड्याला गेले तेव्हा तात्या मांडवाच्या कडेला, चपला काढतात तिथं बसले होते. टाळ घेतले नव्हते, नुसत्या हातानं टाळी वाजवत होते. त्यांच्या शेजारून जाताना एक पोरगं म्हणालं, "अंडेतात्या, सरका की." तात्या सरकले.

त्या वेळी मी मांडवात उभं राहून बोलले असते तर? शंभर वेळा मनात बोलले. पण तोंडातून शब्द निघाला नाही. पोरींची तोंडं आठवायची, खाट आठवायची. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

वर्ष लोटलं. पाऊस पडला, महाराज आले, तात्यांनी पुन्हा माळ घातली. महाराजांनी सगळ्यांदेखत विचारलं, काय घडलं होतं? तात्यांनी तेच उत्तर दिलं. मालक काठी घेऊन चालायला लागले तेव्हा मी तात्यांना म्हटलं, "आता सांगते गावाला." ते म्हणाले, "आता कशाला उकरती? लोकं इसरली." लोक विसरले नव्हते. आमच्याकडे गाव पीक विसरेल, पण ठेवलेलं नाव विसरणार नाही. तात्या शेवटपर्यंत अंडेतात्याच राहिले. ते गेले तेव्हा मी प्रेताला हार घातला आणि घरी येऊन भजी तळायला बसले. माझं सांगायचं राहूनच गेलं. राहून गेलं असं म्हणणंही खोटं आहे. मी सांगितलं नाही.

गाडा बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. गेल्या उन्हाळ्यात तात्यांचा नातू मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. चहा घेताघेता हसत म्हणाला, "काकू, अजून आमच्या घराला अंडेतात्यांचं घर म्हणतात. सोयरीक जुळवताना पाहुण्यांनीसुद्धा विचारलं. आजोबा लपून खायचे म्हणे."

मी चहा खाली ठेवला. "तुझी आई हाय ना घरी? मला घेऊन चल."

तात्यांची सून माझ्याच वयाची. पाठीत वाकली आहे, कानानं कमी ऐकते. तिच्या पुढ्यात बसून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून मी सगळं सांगितलं. नातू दारात उभा राहून ऐकत होता. ती माझं संपल्यावर म्हणाली, "त्या दिशी ती भजी मीबी खाल्ली हुती."

"व्हय."

"मग त्येंनी माळ उतरवली. मला म्हनले, अंडं खाल्लं. कुटं खाल्लं ते सांगंनात. मला वाटलं, घरात दाना न्हाई, पोरं सुकडीवर, आन् म्हातारा एकला हाटेलात बसून खातोय." तिनं पदर तोंडाला लावला. "वरीसभर मी त्येंच्याशी धड बोल्ले न्हाई, बाई. भाकर म्होरं ढकलायची. त्ये गुमान खायचे."

गावाचं मला माहीत होतं, घरातलं माहीत नव्हतं. तात्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. माझ्या चुलीसाठी त्या माणसानं स्वतःच्या घरातली भाकरी कडू करून घेतली होती.

मी तिच्या पायाला हात लावायला गेले. तिनं धरला.

"माझ्या काय पाया पडती? मला सांगून काय हुतंय? गावाला सांग."

या अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते यासाठी. हा अंक आमच्या गावात घरोघर जातो. तर मिरजगावकरांनो, अंडाभजीचं तेल उजव्या कढईत मी घातलं होतं. तात्यांनी आयुष्यात अंडं खाल्लं नाही.